तुळिंजचे रुग्णालय कोणाचे?

'सरकारने याकडे लक्ष द्यायला हवे' हे वाक्य तुळिंजमध्ये रोज ऐकू येते. रुग्णालयाच्या केसपेपरच्या रांगेत ऐकू येते, सकाळी कामगारांच्या नाक्यावर ऐकू येते. वाक्य बरोबरच आहे. पण त्यातले 'सरकार' म्हणजे नेमके कोण, असा प्रश्न केला की बोलणारा थांबतो. महापालिका? जिल्हाधिकारी? आरोग्य खाते? कामगार खाते? की मंत्रालय?

गेली काही वर्षे शेजाऱ्यापाजाऱ्यांना अर्ज लिहून देताना मी या प्रश्नाशी वारंवार येऊन थबकलो. अर्जाचा मजकूर तयार असतो, राग खरा असतो, पण 'प्रति' या शब्दापुढे काय लिहायचे ते ठरत नाही. उत्तरदायित्वाची मागणी तिथेच निम्मी हरते, असे माझे मत बनले आहे. तुळिंजमध्ये आजारपण आणि बेकारी हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. एकाच घरात ते एकाच महिन्यात येतात. त्यांची जबाबदारी मात्र इतक्या कार्यालयांत वाटली गेली आहे की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. ही वाटणी कशी झाली आणि तिच्यातून वाट कशी काढता येईल, हे या लेखात पाहायचे आहे.

गाव, नगरपालिका, महापालिका

तुळिंज हे मूळचे गाव. आज नालासोपारा पूर्वेच्या दाट वस्तीत ते असे मिसळले आहे की गावठाण कुठे संपते आणि विजय नगर, आचोळे, संतोष भुवन कुठे सुरू होते, हे नव्या माणसाला सांगता येत नाही. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेला कोकणी, घाटावरचा, उत्तर भारतीय, गुजराती असा सगळा कष्टकरी वर्ग इथल्या चाळींत आणि चार मजली इमारतींत राहतो.

वस्ती वाढली त्या काळात नियोजनाचा अधिकार गावाकडे नव्हता. 1990 साली सिडकोला वसई-विरार उपप्रदेशासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. विकास आराखड्याला अंतिम मंजुरी मिळाली ती 2007 मध्ये. मधल्या सतरा वर्षांत माणसे यायची थांबली नाहीत आणि इमारतीही उभ्या राहायच्या थांबल्या नाहीत. 3 जुलै 2009 रोजी वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व 53 गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. नियोजनाचे अधिकार तिच्याकडे 2010 मध्ये आले. 2011 च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या 12,22,390 भरली. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जिल्हा नवा झाला, पण जुन्या जिल्ह्याचे विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय ठाण्यातच राहिले.

म्हणजे पाव शतकात तुळिंजच्या रहिवाशाचे 'सरकार' चार वेळा बदलले. प्रत्येक बदलात अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात गेले, पण जुन्या हाताचे राहिलेले काम कोणी करायचे, याचा हिशेब रहिवाशाला कधी कोणी दिला नाही.

आराखड्यातल्या आरक्षणांचे काय होते, याचे उदाहरण याच परिसरात आहे. अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडण्याचे काम फेब्रुवारी 2025 पर्यंत पूर्ण झाले. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे बेघर झाली. ज्यांनी जमीन हडपली आणि ज्यांनी डोळेझाक केली, त्यांची चौकशी पुढे सक्तवसुली संचालनालयाने सुरू केली. पण घर घेणाऱ्याचे घर गेले आणि शहराची सोयही झाली नाही. रुग्णालय, शाळा, मैदान यांची आरक्षणे आराखड्याच्या नकाशावर रंगीत चौकोन म्हणून असतात. त्या चौकोनावर पहारा ठेवणे हे जाब विचारण्याचे पहिले काम आहे. इमारत उभी राहून त्यात माणसे राहायला आल्यावर तो प्रश्न न्यायाचा राहत नाही, दोन अन्यायांमधल्या निवडीचा होतो.

एका रुग्णालयाचे अनेक मालक

तुळिंजचे रुग्णालय महापालिकेचे आहे. वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालयही तिचेच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने त्यांत मोडतात. घटनेच्या सातव्या अनुसूचीत मात्र रुग्णालये हा राज्याचा विषय आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य नागरी संस्थांकडे देण्याजोग्या विषयांत आहे. वस्तीतली नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रे 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या पैशावर चालतात, म्हणजे तिथे केंद्रही आले. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्याची, आणि तीही 2014 पासून खाजगी ठेकेदारामार्फत चालणारी.

ही वाटणी रुग्णाच्या अंगावर कशी येते ते पाहा. ऑगस्ट 2023 मध्ये राज्याने शासकीय रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केल्याची घोषणा झाली आणि 15 ऑगस्टपासून ती अमलात आली. तुळिंजमध्येही लोकांनी ती ऐकली. पण तो निर्णय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता होता. पालिकेच्या रुग्णालयात काय आकारायचे हा पालिकेचा वेगळा विषय. दरवाजावरच्या पाटीत रुग्णाला फरक दिसत नाही, खिडकीवर पावती फाडताना तो समजतो.

शेजारच्या मिरा-भाईंदरने वेगळी वाट धरली. भाईंदर पश्चिमेचे टेंभा येथील पंडित भीमसेन जोशी रुग्णालय पालिकेने बांधले, पण चालवण्याचा खर्च आणि मनुष्यबळ झेपेना म्हणून ते राज्य शासनाकडे सोपवले. हे बरे की वाईट यावर वाद होऊ शकतो. पण तिथल्या नागरिकाला निदान अर्जावर कोणाचे नाव घालायचे ते ठाऊक झाले.

खाटांचा साधा हिशेब करू. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दर हजार लोकसंख्येमागे दोन खाटांचे उद्दिष्ट ठेवले आहे. 2011 चीच लोकसंख्या धरली तरी या शहराला सुमारे 2,445 खाटा हव्यात. नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे साधारण 50,000 लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे किमान 24 केंद्रे. त्यानंतर लोकसंख्या किती वाढली हे लोकलच्या कोणत्याही डब्यात कळते. या हिशेबात खाजगी नर्सिंग होमच्या खाटा धरायच्या की नाहीत, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. धरायच्या असतील तर त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारीही घ्यावी लागेल. 23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ या खाजगी कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी 13 रुग्ण गेले. सरकारी खाट नाही म्हणून लोक खाजगीत जातात. तिथल्या अग्निसुरक्षेची तपासणी कोणी, कधी केली, हा प्रश्न पुन्हा सरकारकडेच येतो.

गंभीर रुग्णाला तुळिंजहून पुढे पाठवतात ते कांदिवली, नायर, केईएम किंवा ठाण्याच्या दिशेने. 2025 मध्ये महामार्गावरच्या कोंडीत रुग्णवाहिका अडकून रुग्ण दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या. पुढचे रुग्णालय गाठले तरी तिथेही गर्दीच. ऑगस्ट 2023 मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात 18 रुग्णांचा मृत्यू झाला, तेव्हा आजूबाजूच्या शहरांतून येणाऱ्या रुग्णांचा भार हे एक कारण सांगितले गेले. एका पालिकेने न उभारलेली खाट दुसऱ्या पालिकेच्या वॉर्डात जमिनीवर गादी होऊन पडते.

कायदा याबाबत गप्प नाही. 1992 साली बंगालमधील मथुरापूर स्थानकात हकीम शेख नावाचा शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी सोय नाही किंवा खाट नाही म्हणून परत पाठवले. शेवटी खाजगी रुग्णालयात पैसे भरून उपचार झाले. 6 मे 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'पश्चिम बंग खेत मजदूर समिती' खटल्याच्या निकालात म्हटले की, वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची चणचण ही सबब राज्याला चालणार नाही. त्याला 25,000 रुपये भरपाई मिळाली. कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळण्यासाठी मध्यवर्ती यंत्रणा उभारावी, असेही न्यायालयाने सुचवले. त्याआधी 1980 मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी पैसा नाही म्हणून गटार बांधत नाही हे म्हणणे फेटाळले होते. लोकलमधून पडलेल्या माणसाला उचलून आणणाऱ्या आपल्या शहरांत हकीम शेखचा निकाल रुग्णालयाच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.

पगाराची स्लिप आणि दवाखान्याची चिठ्ठी

आता रोजगाराकडे वळू, कारण रुग्णालयावरचा भार तिथे तयार होतो.

वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार, धानीव या पट्ट्यातले औद्योगिक गाळे तुळिंजच्या घरांची चूल चालवतात. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्याला कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. 1948 च्या कायद्याने आलेली ही योजना नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेखाली आली आहे. मालकाने वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराने 0.75 टक्के भरायचे. त्या बदल्यात कामगारासह कुटुंबाला उपचार मिळतात आणि आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते.

माझ्या परिचयाच्या एका कामगाराचे बोट प्रेस मशीनमध्ये सापडले. त्याच्याकडे विमा क्रमांक नव्हता, पगाराची स्लिप नव्हती, हजेरीचे कार्डही नव्हते. गाळ्यात माणसे पंधरा, पण कागदावर सहा, बाकीचे ठेकेदाराचे. तो पालिकेच्या रुग्णालयात गेला. मालकाने भरायला हवा होता तो खर्च पालिकेच्या, म्हणजे मालमत्ता कर भरणाऱ्या शेजाऱ्यांच्या तिजोरीवर पडला. बोट बरे होईपर्यंतची मजुरी बुडाली ती वेगळीच. अशी एकेक नोंदणी चुकवली जाते तेव्हा रुग्णालयाच्या रांगेत एक माणूस वाढतो. रांगेला वैतागलेल्या रुग्णाचा राग समोरच्या परिचारिकेवर निघतो. ज्या कार्यालयाने गाळ्याची तपासणी करायची, त्याचे नावही त्याला माहीत नसते.

नाक्यावरच्या बांधकाम मजुराची अडचण वेगळी. 1996 च्या कायद्याने बांधकामावर उपकर बसवून कामगारांसाठी कल्याणकारी मंडळे निर्माण केली. नोंदणीसाठी गेल्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या मजुराला असा दाखला कोण देणार? उपकर इमारतीमागे गोळा होतो, लाभ मात्र दाखल्यामागे अडकतो.

हमी गावाला, कर शहराला

रोजगाराची हमी ही कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आणला गेला. शहरातल्या कमावत्या माणसाने गावातल्या बेकार माणसाला काम द्यावे, हा त्यामागचा उदात्त विचार. आजही महिना दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुष कामगाराच्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये, असे वर्षाला 2,500 रुपये कापले जातात.

तुळिंजचा कामगार हा कर भरतो. काम गेले तर मात्र त्याला हमी नाही, कारण ती योजना ग्रामीण भाग आणि क वर्ग नगरपालिकांपुरती होती. केंद्राच्या 2005 च्या कायद्यानेही नागरी संस्थांचे क्षेत्र वगळले. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, दिवस 100 वरून 125 केले. 'ग्रामीण' ही अट कायम राहिली.

2009 साली महापालिकेत आलेल्या 53 गावांच्या बाबतीत याचा अर्थ काय झाला? तिथला शेतमजूर एका अधिसूचनेने 'शहरी' ठरला. ग्रामसभा गेली आणि कामाची हमीही गेली. गावे वगळण्यासाठी झालेल्या आंदोलनाची चर्चा आपल्याकडे कर आणि हिरवा पट्टा यांच्या अंगाने झाली; 2011 मध्ये 29 गावे वगळण्याचा निर्णय होऊन तो न्यायालयात अडकला, हेही आपण जाणतो. कामाचा हक्क गेला, हा मुद्दा मात्र त्या चर्चेत फारसा आला नाही.

हे अटळ नव्हते. केरळने 2010 मध्ये अय्यंकाळी नागरी रोजगार हमी योजना सुरू केली. राजस्थानने सप्टेंबर 2022 मध्ये शहरी भागासाठी 100 दिवसांच्या कामाची योजना आणली आणि 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदाही केला. ज्या राज्याने ही वाट पहिल्यांदा दाखवली, त्याने आपल्या शहरांसाठी तसे पाऊल उचलले नाही.

आपल्याकडे जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्यांना महिना 6,000, आयटीआय व पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने, पुढे ती अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर काय, याचे उत्तर योजनेत नव्हते. रुग्णालये स्वतःही मालक असतात, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. आरोग्य अभियानातल्या परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते वर्षानुवर्षे कंत्राटी आहेत. दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय मार्च 2024 मध्ये निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना 19 ऑगस्ट 2025 पासून संपावर जावे लागले. रुग्णालयात माणसे कमी आणि गल्लीत शिकलेली मुले रिकामी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

प्रश्न कसा विचारावा

हाती साधने आहेत, पण प्रत्येकाची मर्यादा ओळखून ती वापरावी लागतात. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्याव्या लागतात आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पण या सेवा बहुतेक दाखल्यांच्या आहेत. जन्माच्या दाखल्याला मुदत आहे, बाळंतपणाच्या खाटेला नाही. ही यादी वाढवा, अशी मागणी करता येते.

माहिती अधिकार कायदा, 2005 हे अधिक धारदार साधन आहे. मी पाहिलेले बहुतेक अर्ज फसतात, कारण त्यांत 'रुग्णालयाची दुरवस्था का आहे?' असा प्रश्न असतो. अधिकारी मत देण्यास बांधील नाही, अभिलेख देण्यास आहे. म्हणून असे मागावे: तुळिंज रुग्णालयातील मंजूर पदे, भरलेली पदे आणि कंत्राटी पदे यांची संवर्गनिहाय यादी, गेल्या बारा महिन्यांतील औषधसाठा नोंदवहीची प्रत, पुढे पाठवलेल्या रुग्णांची महिनावार संख्या आणि कारणे, नावे वगळून, अग्निसुरक्षा तपासणीचा शेवटचा अहवाल, विकास आराखड्यातील रुग्णालयासाठीच्या आरक्षणांची यादी आणि प्रत्येकाची सद्यस्थिती. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून अर्ज वेगवेगळे करावेत. उत्तर 30 दिवसांत, जीविताचा प्रश्न असेल तर 48 तासांत. न मिळाल्यास पहिले अपील, मग राज्य माहिती आयोगाचे कोकण खंडपीठ. ठेकेदाराकडच्या कामगारांसाठी पालिकेने भविष्य निर्वाह निधी आणि विम्याची चलने तपासली का, हाही प्रश्न याच मार्गाने विचारता येतो.

एकट्याच्या अर्जापेक्षा समूहाचा प्रश्न जड असतो. 2007 पासून महाराष्ट्रात ग्रामीण आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांची गुणपत्रके भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचली. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. शहरात असे काही होऊ शकते का? होऊ शकते. 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली आहे; ती ग्रामसभेची शहरी बहीण. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे. पहिली कागदावर राहिली आहे, दुसरा वैयक्तिक तक्रारींचा झाला आहे.

या सगळ्याला एक मोठी पोकळी आड आली. महापालिकेच्या सभागृहाची मुदत जून 2020 मध्ये, महासाथीच्या ऐन काळात संपली, आणि पुढची साडेपाच वर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. ऑक्सिजनसाठी धावाधाव झाली, इमारती पाडल्या गेल्या, अंदाजपत्रके मंजूर झाली. ज्याला मत दिले त्याला विचारता येईल असा माणूस मात्र वॉर्डात नव्हता. 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले आणि सभागृह पुन्हा भरले.

आता नगरसेवक आहेत, तेव्हा विचारणा त्यांच्यापासून सुरू व्हावी. क्षेत्रसभा कधी बोलावणार? रुग्णालयातील रिक्त पदांचा तक्ता दर तिमाहीला तिच्यापुढे ठेवणार का? गाळ्यांना व्यवसाय परवाना देताना कामगार विम्याचा क्रमांक तपासणार का? शहरी रोजगार हमीचा ठराव करून राज्याकडे पाठवणार का? या चारही प्रश्नांची उत्तरे होय किंवा नाही अशी देता येतात, तारखेसह नोंदवता येतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा वाचून दाखवता येतात. 'प्रति' या शब्दापुढे लिहायला निदान एक नाव मिळाले आहे. पहिला अर्ज तिथे द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.